'पीपिंग टॉम'ची परीक्षणं : शिव्या पुरावा म्हणून कशा वाचायच्या?

एप्रिल १९६०. लंडनच्या 'डेली एक्स्प्रेस'मध्ये लेन मोझ्ली नावाचा समीक्षक एका नव्या ब्रिटिश चित्रपटाबद्दल लिहितो. सुरुवातीलाच सांगतो, की गेले साडेतीन महिने तो आशियातल्या घाणेरड्यात घाणेरड्या वस्त्या पालथ्या घालत होता. पण पूर्व पाकिस्तानातल्या कुष्ठरोग्यांच्या वसाहती, मुंबईच्या मागच्या गल्ल्या, कलकत्त्याची गटारं, यांपैकी कशानेही त्याला या सिनेमाइतकी मळमळ झाली नाही. सिनेमाचं नाव 'पीपिंग टॉम'. दिग्दर्शक मायकेल पॉवेल.

हा मजकूर मी पहिल्यांदा वाचला तेव्हा सिनेमा बाजूलाच राहिला आणि मी 'मुंबई'वर अडकले. पुढच्या तीनेक आठवड्यांत इथे महाराष्ट्र राज्य स्थापन होणार होतं, मुंबई त्याची राजधानी होणार होती. आणि तिकडे लंडनमध्ये किळस मोजायची पट्टी म्हणून आपल्या गल्ल्या वापरल्या जात होत्या. राग आला. मग लक्षात आलं, की या वाक्यात सिनेमाबद्दल काहीही नाहीये. कॅमेरा नाही, नट नाही, गोष्ट नाही. आहे तो फक्त मोझ्ली: तो कुठून आला, त्याला कशाची शिसारी येते आणि आपल्या वाचकाला कशाची येईल असं त्याला वाटतं.

परीक्षण हा सिनेमाचा पुरावा असतो की परीक्षकाचा? आज 'पीपिंग टॉम'च्या निमित्ताने हेच बघायचं आहे. रिसेप्शन, म्हणजे कलाकृतीचं स्वागत कसं झालं, हा विषय घेऊन पीएचडीला जायचं असं बरेच जण कळवतात. त्यांच्या आराखड्यात हमखास एक वाक्य असतं: 'या कलाकृतीवर तत्कालीन समीक्षकांनी अन्याय केला.' माझ्याही आराखड्यात होतं. मी लिहिलं होतं, 'समीक्षकांच्या हल्ल्यामुळे पॉवेलची कारकीर्द संपली.' गाइडनी त्याखाली पेन्सिलने एकच शब्द लिहून कागद परत दिला. 'कशावरून?'

मला तेव्हा तो खवचटपणा वाटला होता. कारण हे तर सगळीकडे लिहिलेलं आहे! कुठलंही पुस्तक उघडा, कुठलाही लेख.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्क लुईस हा तरुण फिल्म स्टुडिओत फोकस पुलर आहे, म्हणजे शॉट चालू असताना कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा. फावल्या वेळात एका पेपरवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत तो मुलींचे चोरून विकायचे फोटो काढतो. आणि तो बायकांचे खून करतो. ट्रायपॉडच्या एका पायात लपवलेलं पातं, वर आरसा लावलेला, आणि कॅमेरा चालू. मरणारीला स्वतःच्या चेहऱ्यावरची भीती दिसते आणि मार्कला ती भीती चित्रित करायची असते. त्याचा बाप शास्त्रज्ञ होता, भीतीवर संशोधन करणारा. पोटच्या पोराला रात्री झोपेतून उठवून, त्याच्या अंथरुणावर पाल टाकून, तो घाबरला की त्याचं चित्रीकरण करायचा. बापानेच त्याला पहिला कॅमेरा दिला. (संशोधनाच्या ब्लॉगवर ही गोष्ट सांगताना जरा कसंतरीच होतं. डेटा मिळवण्यासाठी माणूस कुठपर्यंत जातो, त्याचा हा नमुनाच.) खालच्या मजल्यावर राहणारी हेलन त्याच्यावर जीव लावते, तिची आंधळी आई त्याला सगळ्यांत आधी ओळखते आणि शेवटी मार्क त्याच पात्यावर स्वतःला संपवतो.

पॉवेल तेव्हा ५४ वर्षांचा होता आणि मोठं नाव होता. एमरिक प्रेसबर्गरबरोबर त्याने 'द लाइफ अँड डेथ ऑफ कर्नल ब्लिम्प', 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ', 'ब्लॅक नार्सिसस', 'द रेड शूज' असे चित्रपट केले होते, तेही १९४३ ते १९४८ या पाच वर्षांत. अशा माणसाने खुन्याची गोष्ट सांगावी, रंगीत सांगावी आणि खुन्याबद्दल कणव वाटावी अशी सांगावी! भूमिकेला निवडला कार्लहाइन्झ बोम, जो 'सिसी' चित्रपटांत ऑस्ट्रियाचा देखणा तरुण सम्राट होता. बापाच्या त्या घरगुती फिल्ममध्ये बाप म्हणून पॉवेल स्वतः उभा राहिला, आणि लहान मार्क म्हणून त्याचा स्वतःचा मुलगा.

परीक्षणांत काय होतं? डाव्या विचारांच्या 'ट्रिब्यून' साप्ताहिकात डेरेक हिलने सुचवलं, की या सिनेमाची विल्हेवाट एकाच प्रकारे लावता येईल: फावड्याने गोळा करायचा आणि जवळच्या गटारात सोडून द्यायचा. कम्युनिस्ट 'डेली वर्कर'मध्ये नीना हिबिन तितक्याच संतापल्या होत्या. 'ऑब्झर्व्हर'मधल्या सी. ए. लेज्यून या अनुभवी समीक्षक बाईंना कितीतरी दिवसांत इतका किळसवाणा सिनेमा पाहिल्याचं आठवत नव्हतं. 'संडे टाइम्स'च्या डिलिस पॉवेल (आडनाव तेच, नातं नाही) यांनीही झोडपलं. आणि उजवीकडून 'एक्स्प्रेस'चा मोझ्ली. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी वर्तमानपत्रं इथे एका सुरात बोलत होती.

बहुतेक लेखन इथेच थांबतं: पाच-सहा जहाल वाक्यं, मग 'आणि पॉवेल संपला', मग 'पुढे मार्टिन स्कोर्सेसीने त्याला वर काढलं'. मीही हीच पाच-सहा वाक्यं उचलली होती. गाइडच्या 'कशावरून'वर उत्तर शोधायला बसले तेव्हा पहिली गोष्ट समजली ती ही, की मी १९६०चं एकही वर्तमानपत्र उघडलं नव्हतं. इयन क्रिस्टी या अभ्यासकाने १९७८ साली पॉवेल-प्रेसबर्गरवरच्या आपल्या पुस्तकात ही परीक्षणं एकत्र मांडून 'पीपिंग टॉम'भोवतीच्या गदारोळावर लिहिलं. नंतरच्या कित्येकांनी वाक्यं तिथून घेतली, मी त्यांच्याकडून. म्हणजे माझ्या हातात होतं ते संकलन, आणि संकलन करणारा साहजिकच सगळ्यांत तिखट वाक्यं निवडतो. यात क्रिस्टींचा दोष काहीच नाही, त्यांना दिग्दर्शकाची बाजू मांडायची होती. दोष माझा, की वकिलाची फाइल मी न्यायालयाचं दप्तर समजून वापरत होते. पूर्ण परीक्षण वाचा. शेजारच्या रकान्यात त्याच लेखकाने त्याच आठवड्यात दुसऱ्या कुठल्या सिनेमाबद्दल काय लिहिलंय तेही वाचा. त्याशिवाय सूर कळत नाही.

आता डेरेक हिल. गटाराच्या वाक्यामुळे तो या गोष्टीतला खलनायक झालाय. पण याच हिलने दीड वर्ष आधी 'साइट अँड साउंड'मध्ये भयपटांवर एक लांबलचक हल्ला चढवला होता. १९५७च्या 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन'नंतर हॅमर कंपनीच्या भयपटांनी ब्रिटनमध्ये धो-धो पैसा केला होता आणि हिलला ती समाजाच्या प्रकृतीची काळजी वाटायला लावणारी गोष्ट वाटत होती. 'पीपिंग टॉम'ची वितरक कंपनी होती अँग्लो-अमाल्गमेटेड. याच कंपनीने १९५९ साली 'हॉरर्स ऑफ द ब्लॅक म्युझियम' आणला होता. त्यात दुर्बिणीतून सुळे बाहेर येऊन डोळे फुटतात. म्हणजे हिल थिएटरात शिरला तेव्हा त्याच्या डोक्यात खटला आधीच उभा होता, फक्त नवा आरोपी आला. आणि आरोपी साधासुधा नव्हता, 'रेड शूज'वाला पॉवेल होता. भयपट हा गल्लीतल्या पोरांचा उद्योग म्हणून सोडून देता येत होता, तो आता घरात शिरला होता.

शिवाय या समीक्षकांना त्या काळात हवं काय होतं? 'रूम ॲट द टॉप' (१९५९) येऊन गेला होता, 'सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग' त्याच वर्षाअखेर येणार होता. कामगारांची घरं, कारखाने, उत्तर इंग्लंडमधला पाऊस, काळं-पांढरं वास्तव. ब्रिटिश सिनेमा शेवटी गंभीर होतोय असं त्यांना वाटत होतं. भडक लाल-निळ्या रंगातला पॉवेल त्या चित्रात बसतच नव्हता. तसा तो आधीही बसत नव्हता. हे सगळं परीक्षणात लिहिलेलं नसतं, पण परीक्षण त्यातूनच येतं.

बरं, मग कारकीर्द संपली का? चित्रपटांची यादी समोर ठेवली तरी वाक्य डळमळायला लागतं. १९६१ साली पॉवेलचा 'द क्वीन्स गार्ड्स' आला. तो पडला, आणि स्वतः पॉवेलचंही त्याबद्दल मत फार वाईट होतं. १९६६ साली ऑस्ट्रेलियात 'दे आर अ विअर्ड मॉब', आणि तिथे तो चांगलाच चालला. १९६९ साली 'एज ऑफ कन्सेन्ट'. मधे जर्मन दूरचित्रवाणीसाठी 'ब्लूबियर्ड्स कॅसल'. उलट बाजूला बघा: प्रेसबर्गरबरोबरची भागीदारी १९५७च्या सुमारास, म्हणजे 'पीपिंग टॉम'च्या आधीच सुटली होती. १९५५चा 'ओ... रोझालिंडा!!' आणि १९५९चा 'हनिमून' दोन्ही फसले होते. आणि सगळ्या धंद्याचीच हवा जात होती. ब्रिटनमध्ये १९४६ साली वर्षाला १६३ कोटींच्या वर तिकिटं विकली जायची, १९६० साली तो आकडा ५० कोटींवर आला होता. टीव्ही घरात आला होता. पॉवेलच्या पिढीतल्या कितीतरी जणांना त्या दशकात काम मिळेनासं झालं, त्यांच्यावर कुणी गटारात टाकण्याची भाषा न करताही.

याचा अर्थ परीक्षणांनी काहीच झालं नाही असा नाही. वितरकाने घाबरून अंग काढून घेतलं, सिनेमा वर्षानुवर्षं धड दाखवलाच गेला नाही. पॉवेलला ब्रिटनमध्ये पैसा उभा करणं अवघड झालं, हे खरंच आहे. पण 'परीक्षणांमुळे वितरक बिथरला आणि आधीच उतरणीला लागलेल्या दिग्दर्शकाची वाट अजून बिकट झाली' हे एक विधान आणि 'समीक्षकांनी त्याला संपवलं' हे दुसरं. पहिल्याला पुरावा देता येतो. दुसऱ्याला आख्यायिका म्हणतात.

आणि आख्यायिका कुणीतरी सांगितलेली असते. पॉवेलने आत्मचरित्राच्या दुसऱ्या खंडात, 'मिलियन-डॉलर मूव्ही'मध्ये, ही कहाणी रंगवून सांगितली. ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९९२ साली आलं. आत्मचरित्र हे साधन म्हणून वापरूच नका असं मी म्हणत नाही. आपल्याकडे 'सखाराम बाइंडर'च्या वादाबद्दल कमलाकर सारंगांचं 'बाइंडरचे दिवस' बाजूला ठेवून कसं चालेल? पण ते लढणाऱ्याचं कथन आहे, हे धरूनच वाचायचं.

आख्यायिकेचा दुसरा भाग म्हणजे 'स्कोर्सेसी येईपर्यंत कुणालाच कळलं नव्हतं'. स्कोर्सेसीचं श्रेय मोठं आहे. १९७९च्या न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात सिनेमा पुन्हा झळकला तो त्याच्या खटपटीमुळे. पण फ्रान्समध्ये 'पोझितिफ'ने सिनेमाची बाजू १९६० सालीच घेतली होती. १९६५ साली 'मूव्ही' या इंग्रजी नियतकालिकात रेमंड डर्गनॅटने टोपणनावाने पॉवेलवर सविस्तर लेख लिहिला. १९७३ साली डेव्हिड पिरीच्या ब्रिटिश भयपटांवरच्या पुस्तकात 'पीपिंग टॉम'ला मानाची जागा आहे. म्हणजे पुनर्वसन एका रात्रीत, एका अमेरिकन माणसाने केलेलं नाही. ते हळूहळू, छोट्या नियतकालिकांतून, आणि बऱ्याचदा भयपटाच्या चाहत्यांकडून झालं. हा भाग लोक गाळतात, कारण तो गोष्टीत बसत नाही.

आता जिथे मला स्वतःला सगळ्यांत जास्त गंमत वाटली (गंमत हा शब्द या सिनेमाबद्दल वापरणं चूक आहे, पण असो) तिथे येते.

१९७५ साली लॉरा मल्व्हीचा सुप्रसिद्ध निबंध आला. सिनेमातली नजर पुरुषाची असते आणि बाई बघण्याची वस्तू होते, हे तिने मांडलं. तिची उदाहरणं हिचकॉक आणि स्टर्नबर्ग यांची होती, पण नंतरच्या अभ्यासकांना 'पीपिंग टॉम' म्हणजे आयतं घबाडच मिळालं. लिंडा विल्यम्स, काजा सिल्व्हरमन, कॅरल क्लोव्हर या सगळ्यांनी त्यावर लिहिलं. सगळ्यांचा सूर साधारण असा: हा सिनेमा प्रेक्षकाला सुरक्षित बसू देत नाही. पहिल्याच प्रसंगात आपण खुन्याच्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधून बघत असतो. तो बघतो तेच आपण बघतो, आपणही त्याच्या कृत्यात सामील होतो.

१९६०ची परीक्षणं यानंतर परत वाचा. तिथे काय आहे? मळमळ. घाण. आपल्याला काहीतरी चिकटलं, अंग धुवावंसं वाटतंय, असा भाव. 'सामील होणं' हा शब्द नाही, पण अनुभव तोच आहे! मोझ्ली आणि क्लोव्हर एकाच गोष्टीचं वर्णन करताहेत. एकाने खाली वजा चिन्ह लिहिलं, दुसरीने अधिक. शिव्या देणाऱ्यांना सिनेमा कळला नाही हे आपण किती सहज म्हणतो. माझं मत उलट आहे. त्यांना तो अंगावर आला, आणि जसा यावा असा पॉवेलने बेत केला होता तसाच आला. कळला नाही असं म्हणायचं तर एवढंच, की आलेली किळस कुणाची आहे हे त्यांनी तपासलं नाही. ती सिनेमाच्या खात्यावर टाकली. नाहीतर मुंबईच्या.

पॉवेलने तर त्यांना आधीच सिनेमात बसवून ठेवलं होतं. सुरुवातीच्या भागात पेपरवाल्याच्या दुकानात एक वयस्कर, सभ्य गृहस्थ येतो. आधी 'टाइम्स' आणि 'टेलिग्राफ' मागतो. मग घुटमळतो आणि हळूच 'ती' चित्रं विचारतो. दुकानदार शैक्षणिक पुस्तकांचं लेबल असलेल्या पाकिटात ती घालून देतो. गृहस्थ पाकीट घेऊन सटकतो, आणि वर्तमानपत्रं काउंटरवरच राहतात. हा प्रसंग पाहून सोमवारच्या अंकासाठी परीक्षण लिहायला बसलेल्या माणसाची मनःस्थिती काय झाली असेल?

पण नंतरच्या वाचनावरही माझा एक आक्षेप आहे. 'सिनेमाबद्दलचा सिनेमा' म्हणत म्हणत मार्क नावाचा माणूसच हरवला. तो एक सिद्धांत झाला, नजर झाला, कॅमेरा झाला. १९६०च्या समीक्षकांना निदान हे खटकलं होतं, की इथे एका खुन्याबद्दल आपल्याला वाईट वाटायला लावताहेत. खटकलं म्हणजे जाणवलं. बोमचं ते हळू, ओशाळलेलं बोलणं, हेलनबरोबर जेवायला जाताना तिने आग्रह केल्यावर कॅमेरा घरी ठेवणं, आणि मग खांद्यावर काही नाही म्हणून गोंधळलेले हात. बापाने पोराच्या खोल्यांतून ध्वनिमुद्रणाच्या तारा टाकल्या होत्या, असं घर. हे सिद्धांताच्या गाळणीतून खाली जातं. सिनेमातच एक मानसोपचारतज्ज्ञ येतो, मार्कच्या विकाराला एक भारदस्त नाव देतो आणि निघून जातो. पॉवेलने तो प्रसंग थोडा चेष्टेने केलाय. अर्ध्याअधिक पीएचड्यांची चेष्टा आहे ती, माझी धरून.

तर प्रबंधाच्या आराखड्यातलं ते वाक्य मी काढलं. त्या जागी नवीन आलं ते जरा लांब आहे: १९६०ची परीक्षणं आणि १९७५ नंतरचं सैद्धांतिक लेखन हे दोन्ही एकाच अस्वस्थतेचे दस्तऐवज म्हणून वाचता येतात, आणि दोन्हीकडे नायकाबद्दलच्या सहानुभूतीचं काय करायचं हा प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने टाळलेला आहे. या वाक्यावर समितीत भांडण होऊ शकतं. पहिल्यावर भांडायला काही नव्हतंच; सगळ्यांनी मान डोलावली असती.

एक पुरावा राहिला. डिलिस पॉवेलबाईंनी १९९४ साली, वयाची नव्वदी उलटल्यावर, 'संडे टाइम्स'मध्येच पुन्हा 'पीपिंग टॉम'वर लिहिलं. आपलं चुकलं हे कबूल केलं, सिनेमा श्रेष्ठ असल्याचं मान्य केलं आणि मरणोत्तर भेटीगाठींची सोय असेल तर मायकेल पॉवेलला गाठून माफी मागू, असंही म्हटलं. पॉवेल १९९० सालीच गेला होता. पुढच्या वर्षी त्याही गेल्या. हा उतारा सगळ्यांना फार आवडतो, मलाही आवडतो. पण तोही परीक्षणच आहे, आणि तोसुद्धा एका तारखेचा आहे: स्कोर्सेसीनंतरचा, मल्व्हीनंतरचा, सगळ्यांनी सिनेमाला श्रेष्ठ म्हटल्यानंतरचा. मी बाईंचे १९६० आणि १९९४चे दोन्ही मजकूर शेजारी-शेजारी ठेवलेत. सध्या त्यावरच काम चालू आहे.